‘माझ्यामुळंच झालं ना, मॅडम?’

टाइप-१ मधुमेह झालेल्या मुलांच्या आया कोल्हापुरातील माझ्या केंद्रात येतात, तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो : सिझेरियन झाले, वरचे दूध दिले, अँटिबायोटिक्स दिली, म्हणून आतड्यातील चांगले जिवाणू मेले आणि हा आजार जडला का? मोबाइलवरच्या अर्धवट माहितीने या प्रश्नाला फार धार आणली आहे.

गडहिंग्लजकडची एक आई (ओळखीचे तपशील बदलले आहेत) नऊ वर्षांच्या लेकीची जुनी फाईल घेऊन आली. बाळपणीच्या न्यूमोनियाच्या औषधचिठ्ठीवर तिने लाल रेघ ओढली होती. दिलाशाआधी वस्तुस्थिती मांडावी, असे माझे मत आहे. म्हणून मी तिला अमेरिका, फिनलंड, स्वीडन व जर्मनीतील जनुकीय जोखमीच्या मुलांवरील ‘टेडी’ अभ्यासाविषयी सांगितले. २०१८ च्या एका विश्लेषणात ७८३ मुलांच्या शौचाचे १०,९१३ नमुने तपासले गेले. निरोगी राहिलेल्या मुलांत आंबवण्याची क्रिया करणारी जिवाणूंची जनुके अधिक दिसली, परंतु कोणताही एक जिवाणू दोषी ठरला नाही. या आजाराची सुरुवात शरीराची प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच पेशींवर उलटते तेव्हा होते; त्याच प्रकल्पातील ८,४९५ मुलांच्या नोंदींत तर पहिल्या चार वर्षांतील नेहमीच्या अँटिबायोटिक्सचा या सुरुवातीशी संबंध आढळला नाही.

तिने मान डोलावली. मन हलले नाही. मी विचारले, “त्या वेळी औषध दिलं नसतं तर?”

“पोर हाताला लागली नसती,” ती म्हणाली, आणि आपल्याच वाक्यापाशी थबकली. पुढच्या भेटीत तिच्या तोंडून आले, “मग मी चुकले नाही, तर हे झालं कशानं?” तेव्हा मला उमगले की दोष स्वतःकडे घेतल्याने तिला निदान एक कारण हाती धरता येत होते आणि निष्कारण संकटापेक्षा तेच तिला सोसवत होते. असे क्षण आकडे सांगितल्याने येत नाहीत, हे मी अनुभवाने जाणते.

मुलीशी वेगळे बोलले, तेव्हा ती म्हणाली, “साखर वाढली की आई रडते, म्हणून मी कमी सांगते.” अपराधभावाची खरी किंमत इथे मोजली जात होती. यानंतर आईसाठी नियम ठरवला : यंत्रावरचा आकडा तापासारखा वाचावा, वहीत लिहावा, त्यावर चेहरा करू नये, आणि खोटा आकडा सापडल्यास रागवू नये. दही जरूर खावे. मात्र ‘जिवाणूंची पावडर’ विकणाऱ्यांच्या भरवशावर इन्सुलिनचा एकही डोस चुकवू नये, आणि तो कमी-जास्त करणे केवळ डॉक्टरांवर सोपवावे.