पैठणीच्या दुकानाची वेबसाइट कोणत्या रंगांत?

प्रश्न : येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे. वेबसाइट नव्यानं करतोय. पुतण्या म्हणतो, पैठणीचेच रंग घेऊ : हिरवी पार्श्वभूमी, राणी रंगाची अक्षरं, सोनेरी बटणं. मला ते भडक वाटतं. शिवाय 'फोटोत दिसला तो रंग नाही' म्हणून साड्या परत येतात, ते वेगळंच. नवरात्रात रोजच्या रंगाप्रमाणे साइट बदलावी का?
– एक वाचक, येवला

उत्तर : पुतण्यानं रंग छान निवडलेत, पण ते साडीवरच राहू द्या.

परत येणाऱ्या साड्यांपासून सुरुवात करते, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर लावायची चित्रवस्त्रं विणली जात. मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ तिथे रंगाईचं काम बघायचे. निळ्या-जांभळ्या भागांच्या सावल्यांतला काळा रंग कच्चा आहे, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंग पक्का निघाला. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो डोळ्यांना फिका दिसत होता. शेजारी रंग एकमेकांना कसे बदलतात, यावर त्यांनी १८३९मध्ये मोठा ग्रंथच लिहिला. तुमच्या पडद्यावर हेच होणार. हिरव्या पार्श्वभूमीवरची अंजिरी साडी आहे त्याहून लालसर दिसेल, आणि घरी घडी उलगडल्यावर गिऱ्हाइकाला वाटेल, दुसरीच साडी आली. म्हणून फोटोभोवती पांढरा किंवा अगदी फिका राखाडी. दुसरं काही नको, यावर मी ठाम आहे.

फोटोही पिवळ्या दिव्याखाली काढू नका. दिवसाच्या उजेडात, सावलीत काढा. एका फोटोत साडीशेजारी कोरा पांढरा कागद ठेवा आणि तो पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवून घ्या. धूपछाँव साडीत उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. तिचा एक 'खरा' फोटो निघतच नाही. दोन कोनांतून दोन फोटो द्या, किंवा पदर हलवतानाचा छोटा व्हिडिओ.

आता अक्षरं. हिरवा आणि राणी हे रंगचक्रावर जवळपास समोरासमोर येतात. विणकामात दोघांच्या मधे जरीचा धागा येतो, म्हणून ते शोभतात. पडद्यावर थेट भिडले, त्यातून दोघांचा उजळपणा सारखा असला, की अक्षरांच्या कडा थरथरतात. उजळपणातला फरक मोजता येतो. वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत, म्हणजे साइट अधू नजरेच्या माणसांनाही वापरता यावी म्हणून केलेल्या नियमांत, साध्या मजकुरासाठी तो किमान ४.५ : १ हवा. शुद्ध लाल अक्षरं मध्यम गडद हिरव्यावर टाका, तो जेमतेम १.३ भरतो! ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांनी काय वाचायचं?

सोनेरीचं मला खरंच वाईट वाटतं, पण नाइलाज आहे. जरीचं सौंदर्य चकाकीत आहे, अंग हलतं तसं ते हलतं. पडद्यावर त्याचा सपाट मोहरीसारखा पिवळा होतो, आणि पांढऱ्यावर सोनेरी अक्षरांचा फरक साधारण २ : १ इतकाच. सोनेरी फक्त बारीक रेघेत वापरा.

तर माझी निवड अशी : पान पांढरं, मजकूर जवळपास काळा वाटेल इतक्या गडद वांगी रंगात, आणि 'खरेदी करा' हे एकच बटण गडद राणी, त्यावर पांढरी अक्षरं. तो राणी दुसरीकडे कुठेही नको. मग नजर आपोआप तिथे जाते. पुतण्याचा हिरवा हवाच असेल, तर तळाच्या पत्त्याच्या पट्टीत गडद करून घ्या. झाल्यावर फोन कृष्णधवल करून पान बघा, आणि एकदा दुपारच्या उन्हात, दुकानाच्या पायरीवर उभं राहून. तिथे वाचता आलं पाहिजे.

नवरात्राबद्दल : साइट बदलू नका, वरची एक पट्टी बदला आणि तिच्याखाली त्या दिवसाच्या रंगाच्या साड्या दाखवा. पिवळ्या, नारिंगी, पांढऱ्या दिवशी पट्टीवर काळी अक्षरं. जांभळ्या आणि गडद निळ्या दिवशी पांढरी. राखाडी दिवशी मात्र आधी फरक मोजा, मधला राखाडी फसवा असतो.