फ्रीवेतलं 'फ्री' म्हणजे फुकट?

प्रश्न असा आहे: मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेवर टोल नाही, म्हणून तो 'फ्री'. मग मराठीत 'पूर्व मुक्त मार्ग' का, 'मोफत मार्ग' का नाही?

'मुक्त'च बरोबर. टोल नाही हे खरं, पण 'फ्रीवे' हा शब्द त्यावरून पडलेला नाही. तो १९३० साली एडवर्ड बॅसेट या न्यूयॉर्कच्या वकिलाने घडवला, आणि वकिलाच्या डोक्यात (निदान या वेळी तरी) पैसा नव्हता, हक्क होता. साध्या रस्त्याला लागून ज्याची जमीन, त्याला रस्त्यावर फाटक काढता येतं, गाडी बाहेर आणता येते. बॅसेटला हवा होता तो शेजाऱ्याला असा हक्कच नसलेला रस्ता. तो बागांमधून, रमतगमत जाण्यासाठी असेल तर पार्कवे. निव्वळ वाहतुकीसाठी असेल तर फ्रीवे. आपल्याकडे बांधावरून ज्या 'वहिवाटी'साठी दोन-दोन पिढ्या कोर्टात जातात, तिच्यातून सुटलेला रस्ता. वहिवाटमुक्त म्हणा हवं तर.

घोळ होतो तो 'मुक्त' एकटा पडल्यामुळे. कर्जमुक्त, व्यसनमुक्त म्हणताना कशातून सुटका ते आधीच कळतं. 'मुक्त मार्ग' म्हटलं की ती जागा रिकामी, मग कुणी तिथे टोल भरतो, कुणी सिग्नल.

अमेरिकेतही नावांचा गोंधळ कमी नाही. लॉस एंजेलिस ते पॅसाडेना हा तिथला सुरुवातीचा शहरी फ्रीवे ३० डिसेंबर १९४० रोजी खुला झाला, पण 'अरोयो सेको पार्कवे' या नावाने. अरोयो सेको म्हणजे स्पॅनिशमध्ये कोरडा ओढा. रस्ता त्याच्याच काठाने, हिरवळीतून काढलेला. आखणी ताशी ७२ किलोमीटर वेगाची, त्यामुळे वळणं आवळ आणि चढायचे रॅम्प इतके तोकडे, की काही ठिकाणी आजही 'थांबा'च्या पाटीपाशी उभं राहून एकदम धावत्या गाड्यांत घुसावं लागतं. १९५४ मध्ये त्याचा 'पॅसाडेना फ्रीवे' झाला, २०१० मध्ये पुन्हा पार्कवे. माझ्या मते पहिलं नावच शोभतं.

आणि फुकटचं म्हणाल, तर याच ओढ्याच्या बाजूला १८९९ साली सायकलींसाठी उंच लाकडी मार्ग बांधायला घेतला होता. त्याचा थोडाच भाग झाला, पण तेवढ्यालाही एका बाजूच्या प्रवासाचा टोल होता: दहा सेंट.