बुडी मारण्याआधीचे भराभर श्वास

प्रश्न : आमचा सोळा वर्षांचा मुलगा विहिरीत बुडी मारण्याआधी पंधरा-वीस वेळा भराभर खोल श्वास घेतो. त्याने पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं, असं त्याचं म्हणणं. हे खरं का? त्यात धोका आहे का?

उत्तर : जास्त वेळ राहता येतं हे खरं, पण सवय जिवावर बेतणारी आहे. ती आजच मोडा.

अशा श्वासांनी प्राणवायूचा मोठा साठा होतो, हा गैरसमज. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन (रक्तातलं प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य) साध्या श्वासानेही ९५ ते ९९ टक्के भरलेलं असतं. आणखी भरणार किती? घटतो तो कार्बन डायऑक्साइड. बोटांना, ओठांना मुंग्या येतात, गरगरतं, ते त्यामुळेच.

दम धरल्यावर होणारी तगमगही मुख्यतः याच वायूची. तो रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात उतरला की द्रवाची आम्लता वाढते, मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेजवळच्या पेशी ते टिपतात आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती-पोटामधल्या श्वासाच्या स्नायूला, हुकूम सुटतो. धमनीत त्याचा दाब एरवी ४० मिमी पारा; दोन-तीन मिमी वाढला तरी श्वास वाढतो. प्राणवायूवर नजर ठेवणाऱ्या पेशी मानेत, डोक्याकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला फाटा फुटतो तिथे असतात. (या शोधासाठी कोर्नेय हेमान्स यांना १९३८चं नोबेल मिळालं.) पण प्राणवायूचा दाब १०० वरून ६०च्या आसपास येईपर्यंत त्या फारशा हलत नाहीत.

आता मुलाचं पाहा. कार्बन डायऑक्साइड आधीच उतरवलेला, त्यामुळे तगमग उशिरा सुरू होणार. हातपाय मारण्यात प्राणवायू मात्र भराभर संपतो आणि तगमग व्हायच्या आतच शुद्ध हरपते. खोल पाण्यात दाबामुळे फुप्फुसातल्या प्राणवायूचाही दाब वाढलेला असतो. वर येताना तो झपाट्याने पडतो. म्हणून पुष्कळदा पृष्ठभागाच्या अगदी जवळ येऊन माणूस बेशुद्ध होतो. पट्टीचे पोहणारेही यात गेले आहेत.

बुडीआधी नेहमीसारखे संथ श्वास घ्यावेत, शेवटचा एक खोल. तगमग सुरू झाली की वर यायचं, पैजा लावायच्या नाहीत. काठावर पोहता येणारा माणूस हवा, तोही मोबाइलमध्ये डोकं न घातलेला. बेशुद्धाला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास हे चक्र सुरू ठेवा. दुसऱ्या कुणीतरी तेवढ्यात १०८ला फोन लावावा.