शिफारशीमागचं कारण एलएलएमकडून लिहून घ्यावं का?

प्रश्न असा आहे: शिफारशी मॅट्रिक्स फॅक्टरायझेशनने (कोणी काय पाहिलं याच्या तक्त्यावरून प्रत्येक वापरकर्ता आणि वस्तूसाठी आकड्यांची यादी, म्हणजे व्हेक्टर, शिकण्याची पद्धत) निघतात, तर 'हेच मला का दाखवलं?' याचं उत्तर एलएलएमकडून (मजकूर लिहिणाऱ्या भाषा-मॉडेलकडून) लिहून घेता येईल का?

लिहून घ्या, पण कारण शोधायचं काम त्याच्याकडे देऊ नका. वापरकर्त्याचा इतिहास आणि सुचवलेली मालिका हातात दिली की एलएलएम दोन्हींत काहीतरी साम्य हुडकून झकास वाक्य देतो. वाक्य पटतंही. शिफारस करणाऱ्या मॉडेलने मात्र ती मालिका निव्वळ लोकप्रिय म्हणून वर आणलेली असू शकते.

खरं कारण शिफारस करणाऱ्या मॉडेलमधूनच काढा. इम्प्लिसिट फीडबॅकवर (रेटिंग न मागता, पाहण्यासारख्या कृतींवरून कळणाऱ्या पसंतीवर) एएलएस ही मॅट्रिक्स फॅक्टरायझेशनची रीत चालवत असाल तर नशीबवान आहात. हू, कोरेन आणि व्होलिन्स्की यांच्या २००८च्या निबंधातच दाखवलंय की स्कोअर म्हणजे आधी पाहिलेल्या प्रत्येक वस्तूच्या वाट्यांची बेरीज. पायथनच्या 'इम्प्लिसिट' लायब्ररीत त्यासाठी 'एक्सप्लेन' फंक्शन तयार आहे. बीपीआर या दुसऱ्या रीतीला ही सोय नाही. त्यावर ग्रेडियंट बूस्टिंगचा रँकर (यादीचा क्रम लावणारं वेगळं मॉडेल) असेल तर त्याची शॅप मूल्यं (निकालात कुठल्या घटकाचा किती वाटा ते सांगणारे आकडे) वेगळी काढा, कारण यादीत येणं आणि यादीत वर येणं यांची कारणं निराळी असतात.

मग एलएलएमला जेसनमध्ये (माहिती ठरावीक रचनेत लिहिण्याच्या मांडणीत) फक्त वरची दोन-तीन कारणं द्या: प्रत्येकाचा आयडी, वाटा आणि कॅटलॉगमधली माहिती. टेम्परेचर (उत्तरातला यादृच्छिकपणा ठरवणारं सेटिंग) ०, मर्यादा २५ शब्द, आणि वापरलेल्या कारणाचा आयडी परत मागा. आयडी यादीत नसेल किंवा वाक्यात न दिलेलं नाव आलं, तर ते वाक्य फेकून ठरावीक साचा दाखवा.

हमखास होणारी गडबड क्रियापदात असते. नोंद असते 'पाहिलं', एलएलएम लिहितो 'तुम्हाला आवडलेलं'. माणसाने दहा मिनिटांत बंद केलेली मालिका त्याला 'आवडलेली' म्हणून दाखवली की पुढचं कुठलंच स्पष्टीकरण तो खरं मानत नाही. म्हणून 'पाहिलं', 'पूर्ण पाहिलं', 'रेटिंग दिलं' हेही जेसनमध्येच लिहून द्या आणि तेच शब्द वापरायला सांगा.

कारण खरं आहे का, हे तपासायला ती वस्तू इतिहासातून काढा, वापरकर्त्याचा व्हेक्टर नव्याने मोजा (वस्तूंचे व्हेक्टर तसेच ठेवून) आणि शिफारशीचा क्रमांक बघा. ढिम्म हलला नाही, तर कारण संशयास्पद. पण घाई नको: एकाच मालिकेचे तीन सीझन पाहिलेले असतील तर एक काढून फरक पडत नाही, उरलेले दोन भार उचलतात. अशा वस्तू गटानेच काढा, आणि स्पष्टीकरणातही गट म्हणूनच सांगा.

आजारपण, गरोदरपण सुचवणारी कारणं एलएलएमपर्यंत पोचण्याआधीच गाळा. प्रॉम्प्टमध्ये 'हे सांगू नकोस' लिहून भागत नाही. प्रेक्षकांचे रिव्ह्यूही कच्चे पाठवू नका, त्यात कोणीतरी एलएलएमसाठी सूचना दडवलेल्या असू शकतात. खर्चाची काळजी असेल तर वाक्यं प्रत्येक माणसासाठी नव्याने न लिहिता 'कारण-वस्तू' जोडीनुसार कॅश करा (एकदा लिहून साठवून ठेवा). जोड्या बऱ्याच वेळा पुन्हा येतात.