वाचकांचे प्रश्न : रस्त्यावर उपयोगी पडणारी, कमी खर्चाची अवजारांची पेटी

प्रश्न : माझ्याकडे दहा वर्षांपूर्वी घेतलेली मारुतीची लहान पेट्रोल मोटार आहे. कामानिमित्त मला नाशिकहून वरचेवर पेठला जावे लागते आणि अधूनमधून कसारा घाट उतरून कल्याणला मुलीकडे जाणे होते. गाडीबरोबर मिळालेला जॅक आणि चाकाचा पाना, एवढेच माझ्याजवळ आहे. शंभर नगांचे तयार संच स्वस्तात मिळतात, ते घ्यावेत का? तीन हजार रुपयांच्या आत पेटी कशी जमवावी? (एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : शंभर नगांचा तयार संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा संचात मोठा भरणा स्क्रू-ड्रायव्हरच्या बारीक बिटांचा असतो. स्वस्त संचातल्या गोट्यांचे (नटावर बसणाऱ्या सॉकेटचे) पोलाद बहुधा मऊ असते, आणि गंजलेल्या नटावर जोर पडला की गोटी पसरते व नटाचे कोपरे झिजतात. एकदा कोपरे गेलेला नट रस्त्याच्या कडेला खोलणे जवळपास अशक्य होते. आधी आपली गाडी नीट पाहावी, तिला कोणते पाने लागतात ते लिहून काढावे आणि मगच दुकानात जावे.

आपल्या हातून रस्त्यावर दुरुस्त होण्याजोगे बिघाड मोजकेच आहेत : चाक पंक्चर होणे, बॅटरी उतरणे, इंजिन तापणे, फ्यूज किंवा बल्ब जाणे आणि एखादी नळी, क्लिप किंवा खालचे प्लास्टिकचे आवरण सैल होऊन लोंबणे. ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलची गळती यांच्या बाबतीत मात्र रस्त्यावर काहीही खटपट करू नये. गाडी टोइंग करूनच न्यावी.

पैशांचा पहिला वाटा चाकासाठी राखून ठेवावा. तुमच्या गाडीचे चाकाचे नट १९ मि.मी.चे असतील, तरी गोटी लावून खात्री करून घ्यावी. गाडीबरोबर येणारा एल आकाराचा पाना आखूड असतो. चाकाचे नट साधारणपणे १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात, म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाशी सुमारे वीस किलोचा जोर लागतो. दांडा निम्म्या लांबीचा असेल तर त्याच कामाला चाळीस किलोचा जोर लागतो, आणि टायरवाल्याने हवेच्या गनने आवळलेले नट तर याहूनही घट्ट बसलेले असतात. पान्यावर उभे राहून उड्या मारणारी माणसे आपण महामार्गावर पाहतो, त्याचे कारण हेच. दांडा ओढून लांब करता येणारा चाकाचा पाना साधारण पाचशे रुपयांना मिळतो आणि त्याने हा प्रश्न कायमचा सुटतो. नट आवळताना मात्र दांडा पूर्ण लांब करून अंगाचा सगळा भार टाकू नये, कारण त्याने स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टचे, आटे ताणले जातात.

जॅक तुमच्याजवळ आहे, पण तो एकदा बाहेर काढून त्याच्या स्क्रूला ग्रीस लावा. त्याच्याबरोबर अठरा मि.मी. जाडीच्या प्लायवूडचा वीतभर लांब-रुंद तुकडा ठेवा. पावसाळ्यात पेठ रस्त्यावर किंवा इगतपुरीच्या बाजूला डांबर सोडून गाडी खाली घेतली की मुरमात जॅकचा पाया रुततो आणि गाडी कलते. जॅक कुठे लावायचा हेही घरीच पाहून ठेवावे. पुढच्या चाकाच्या थोडे मागे आणि मागच्या चाकाच्या थोडे पुढे, दाराखालच्या पत्र्याच्या उभ्या पट्टीवर दोन खाचा असतात. जॅकचे डोके त्या दोन खाचांच्या मधोमध आले पाहिजे, नाहीतर पट्टी वाकते. हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून आणि तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावून, चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-पाऊण फेरा सैल करावेत आणि त्यानंतरच गाडी उचलावी. उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोके घालू नये. नवे चाक बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा पूर्ण आवळावेत. पाच-पन्नास किलोमीटर गेल्यावर ते परत तपासणे चांगले.

आता पान्यांविषयी. तुमच्या गाडीत मुख्यतः ८, १०, १२, १४ आणि १७ मि.मी.चे नट-बोल्ट सापडतील. आपल्याकडे दुहेरी पाने ८-९, १०-११, १२-१३, १४-१५ आणि १६-१७ अशा जोड्यांत मिळतात, त्यामुळे पाच पान्यांत सगळे काम भागते. उघड्या तोंडाच्या फिक्स पान्यांपेक्षा रिंग पाने घ्यावेत, कारण रिंग नटाला चहूबाजूंनी धरते आणि सहसा निसटत नाही. फक्त १०-११ चा एक फिक्स पाना जादा ठेवावा, कारण बॅटरीच्या टर्मिनलसारख्या अडचणीच्या जागी रिंग बसतेच असे नाही. पोलाद क्रोम-व्हॅनेडियमचे असावे. याबाबतीत नाशिककरांनी दूर जाण्याचे काहीच कारण नाही. टपारियाचा कारखाना आपल्याच सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि त्यांचे सुटे पाने शहरात सहज मिळतात. सुटे घेतल्याने नको असलेल्या मापांचे पैसे वाचतात. पाने, आठ इंची पक्कड आणि दोन्ही टोके वापरता येतील असा एक चपटा-चौफुली स्क्रू-ड्रायव्हर यांना मिळून हजार रुपयांच्या आसपास खर्च येईल.

घाटातल्या चढणीचा प्रश्न वेगळा आहे. कसाऱ्याहून वर येताना किंवा पेठच्या वाटेवर सावळघाटात, उन्हाळ्यात एसी लावून मोठ्या वाहनामागे रांगत जावे लागले, की जुन्या गाडीचा तापमानाचा काटा वर सरकू लागतो. काटा नेहमीच्या जागेवरून हलताच एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण चालू करावा. गैरसोय होते, पण इंजिनातली बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. तरीही काटा चढतच राहिला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. ते झाकण आतला दाब धरून ठेवते, म्हणून आतले कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि सगळे एकदम उसळून अंगावर येते. याने चेहरे भाजलेली माणसे पाहिलेला कोणीही मेकॅनिक तुम्हाला हेच सांगेल. इंजिन निवल्यावर जाड फडक्याने झाकण हळूहळू उघडून पाणी घालावे आणि घरी आल्यावर योग्य प्रमाणात कुलंट भरून घ्यावे. यासाठी गाडीत पाच लिटर पाण्याचा कॅन, दोन होज क्लिपा आणि स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ठेवावी. नळी निवल्यावर आणि कोरडी केल्यावर ही टेप ताणून गुंडाळली, तर बारीक चीर पुढच्या गॅरेजपर्यंत निभावते.

रेडिएटरचा पंखाच फिरत नसेल तर आधी त्याचा फ्यूज पाहावा. फ्यूज शाबूत असेल तर दोष पंख्याच्या रिलेत, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमध्ये, असू शकतो. बहुधा त्याच डब्यात हॉर्नचाही रिले असतो. दोन्हींवरचा क्रमांक आणि पिनांची आकृती जुळत असेल, तरच त्यांची अदलाबदल करून पाहावी. पात्याच्या फ्यूजांचे रंग ठरलेले आहेत : १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. प्रत्येकी दोन घेऊन ठेवले तरी पन्नास-साठ रुपयांत काम होते. गेलेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तार कधीही लावू नये, कारण मग फ्यूजऐवजी आतली वायर जळते.

उरलेल्या पैशांत परावर्तक त्रिकोण, चकाकणारे जाकीट, डोक्याला बांधायचा टॉर्च, हातमोजे, इन्सुलेशन टेप, थोडी बांधायची तार आणि प्लास्टिकचे केबल-टाय बसतात. त्रिकोण गाडीच्या बुडाशी ठेवून उपयोग नाही. तो निदान पन्नास पावले मागे आणि घाटात वळणाच्या अलीकडे ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे, पण घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून विमा कंपनीच्या मदत-सेवेचा क्रमांक कागदावर लिहून पेटीत ठेवावा. आणि एका रविवारी, उजेडात, सोसायटीच्या आवारात एकदा सगळे चाक स्वतःच्या हाताने काढून बसवावे. स्टेपनीत हवा नाही, किंवा गोटी नटावर बसतच नाही, हे तिथे कळलेले बरे.

प्रश्न : जंपर केबल घेताना काय पाहावे? दोनशे रुपयांपासून हजारांपर्यंत दर दिसतात. (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : जाडी पाहावी. स्वस्त केबलमध्ये बाहेर जाड रबर आणि आत मोजक्या तारा असतात, त्याही बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या. टोकाची तार चाकूने खरवडली आणि आत रुपेरी रंग दिसला, तर ती घेऊ नये. लहान पेट्रोल गाडीला १६ चौ. मि.मी. तांब्याची, अडीच ते तीन मीटर लांबीची केबल पुरते.

लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला; काळा आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचा, बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावा. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू साचलेला असू शकतो, म्हणून हा क्रम पाळायचा. काढताना नेमके उलट करावे.

केबल घेण्याआधी व्होल्ट मोजणारा तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्यावा, असेही मी सुचवेन. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ च्या खाली गेले तर अर्ध्याहून अधिक उतरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसले नाही, तर दोष बहुधा बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरकडे किंवा त्याच्या बेल्टकडे आहे आणि केबलने तात्पुरतेच भागेल. कित्येकदा बॅटरी चांगली असते आणि टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट क्षार तेवढा आडवा येतो; तो गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवावा. टर्मिनल काढताना ऋण टोक आधी काढावे, म्हणजे पाना गाडीच्या पत्र्याला लागला तरी शॉर्ट होत नाही.

प्रश्न : माझ्या नव्या गाडीत स्टेपनीच नाही, फक्त पंक्चरचा संच आहे. हे चालते का? (एक वाचक, अंबड)

उत्तर : चालते. ज्या लहान प्रवासी गाड्यांत टायर दुरुस्तीचा संच आणि टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असते, त्यांना २०२० च्या नियमबदलापासून स्टेपनीची सक्ती नाही. तरी मी अडीचशे रुपयांचा ट्यूबलेस पंक्चरचा पट्टीचा संच आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवण्याचा सल्ला देईन. खिळा दिसला तरी सगळी तयारी होईपर्यंत उपसू नये, कारण तोच बराच वेळ हवा अडवून धरतो. पट्टी टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातच चालते. बाजूच्या भिंतीला चीर पडली असेल तर टायर बदलण्यावाचून इलाज नाही. संचातले द्रव टायरमध्ये भरले असेल, तर पंक्चरवाल्याकडे गेल्यावर ते आधी सांगावे, म्हणजे तो टायर उघडून आतून धुवून घेईल.