सुरुवात जवळच्या फेऱ्यांपासून करा

पर्यावरण आणि आरोग्य या दोन्हींसाठी एकाच वेळी सगळ्या सवयी बदलण्याचा उत्साह सहसा टिकत नाही, म्हणून तुम्ही आधी दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या फेऱ्या पायी किंवा सायकलने कराव्यात, असे मी सुचवेन. पेट्रोलच्या गाडीचे इंजिन थंड असताना धुरातील विषारी वायू कमी करणारा उत्प्रेरक पुरेसा तापलेला नसतो, त्यामुळे लहान अंतरात गाडी त्या मानाने अधिक प्रदूषण करते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेला आठवड्याचा किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम अशा फेऱ्यांतूनच बराचसा पूर्ण होतो, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. मात्र वर्दळीच्या मोठ्या रस्त्याऐवजी आतला रस्ता निवडा, कारण थोडे अंतर वाढले तरी श्वासावाटे जाणारा धूर कमी होतो.

आहारात मांसाच्या काही जेवणांऐवजी कडधान्ये घेतल्यास तंतुमय पदार्थ वाढतात आणि हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटते. पचनाला सवय होईपर्यंत प्रमाण हळूहळू वाढवावे. महागड्या ‘पर्यावरणपूरक’ वस्तूंची खरेदी (नवशिक्यांना तिचाच मोह अधिक पडतो) तूर्त बाजूला ठेवा. घरात असलेली बाटली आणि पिशवी पुरेशी आहे.