जावातल्या खेड्यात पाच गुंठे घेऊन राहता येईल का? आणि ते सुरक्षित आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: निवृत्तीनंतर जावा बेटावरच्या एखाद्या खेड्यात, भातखाचरांच्या कडेला पाच गुंठे घ्यायचे, घर बांधायचं आणि राहायचं. जमीन नावावर होईल का, चोऱ्यामाऱ्या, भूकंप, धर्म यांचं काय?

मी मूळची नाशिकची. सासर मध्य जावात क्लातेन जिल्ह्यात, योग्याकर्ता आणि सोलो या दोन शहरांच्या मधल्या भातपट्ट्यात, आणि आता राहतेही इथेच. त्यामुळे सांगते ते इथलं. बालीचं गणित निराळं आहे, ते बालीत राहणाऱ्या कोणाला तरी विचारा.

आधी जमिनीचं बोलू, कारण लोकांचे पैसे तिथे बुडतात.

जमीन तुमच्या नावावर होणार नाही. १९६०च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, इथल्या भाषेत 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाकडे राहण्याचा परवाना असेल तर 'हाक पाकाय', म्हणजे ठरावीक वर्षांसाठी वापराचा हक्क मिळू शकतो. पण त्यासाठी घराची किमान किंमत प्रांतवार ठरवून दिली आहे आणि ती इथल्या चलनात, अब्जावधी रुपियांत जाते. खेड्यातलं साधं घर त्यात बसतच नाही. भातखाचराचं तर नावच काढू नका. शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा, हा नियम १९६१पासून आहे, म्हणजे जकार्ताच्या माणसालाही कायद्याने इथलं खाचर घेता येत नाही. शिवाय २००९च्या कायद्याखाली जी भातजमीन राखीव ठरली आहे, तिथे घर बांधता येत नाही. जाहिरातीतल्या हिरव्यागार फोटोखाली हे कोणी लिहीत नाही.

मग एजंट हळूच सुचवतो की जमीन एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर घ्या आणि त्याच्याशी वेगळा करार करून ठेवा. याला इथे 'पिंजाम नामा' म्हणतात, आणि ते सर्रास चालतं. आमच्या शेजारच्या गावात एका परदेशी गृहस्थांनी ड्रायव्हरच्या नावावर घर बांधलं. ड्रायव्हर माणूस वाईट नव्हता. मुलीच्या आजारपणात त्याने जमिनीचं प्रमाणपत्र बँकेत गहाण ठेवलं, हप्ते थकले, आणि लिलावाची नोटीस दारावर लागली. गृहस्थांना दाद मागायला जागाच नव्हती, कारण असा करार कायद्याने मुळातच रद्दबातल आहे. प्रकरण चव्हाट्यावर आलं तर जमीन थेट सरकारजमा होऊ शकते.

आमचं घर नवऱ्याच्या नावावर आहे. लग्नाआधी नोटरीकडे जाऊन दोघांची मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला होता. तो नसेल तर घर दोघांचं सामाईक धरलं जातं, आणि मग इथल्या नागरिक असलेल्या जोडीदाराचाच मालकी हक्क अडचणीत येतो. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. २०१६मध्ये घटना न्यायालयाच्या निकालाने लग्नानंतरही करायची मुभा मिळाली. उद्या नवऱ्यामागे वारसाहक्काने माझ्या वाट्याला जमीन आली, तर एका वर्षाच्या आत ती सोडावी लागेल. मुलं इथली नागरिक आहेत, म्हणून काळजी नाही.

कागदांचं म्हणाल तर खेड्यात अजून 'गिरिक' किंवा 'लेटर सी' दाखवून जमिनी विकतात. ती मुळात सारा भरल्याची नोंद. आपला सातबारा जसा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, तसंच. भूमी कार्यालयाचं प्रमाणपत्र हवं. २०१७पासून सरकार गावंच्या गावं मोजून प्रमाणपत्रं देत आहे. आमच्याकडे मोजणीला माणसं आली तेव्हा दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना उभं करून खुंट ठोकले. सासऱ्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हद्दीवर फणसाचं झाड आहे. खुंट कुठे ठोकायचा यावर एक अख्खी दुपार गेली. शेवटी झाड शेजाऱ्यांकडे गेलं आणि फणस दोघांत वाटून घ्यायचे ठरले. हे अर्थातच कुठल्या कागदावर नाही.

आणखी एक. गावची म्हणून जमीन असते, आणि गावकामगारांना पगाराऐवजी कसायला दिलेलीही असते, आपल्याकडच्या वतनासारखी. ती विकता येत नाही, तरी विकायला निघते. योग्याकर्ताजवळ स्लेमानमध्ये अशा जमिनीवर घरं बांधून लोकांना दिल्याचं प्रकरण २०२३मध्ये कोर्टात गेलं. स्वस्त मिळतंय म्हटलं की आधी हे तपासा.

आता सुरक्षिततेचं. इथे पोलीस दूर असतात. जवळ असतो तो 'पाक एरटे'. 'एरटे' म्हणजे काही डझन घरांचा गट, आणि त्याचा प्रमुख म्हणजे पाक एरटे. ही रचना जपानी अमलात आली आणि टिकली. गावाच्या वेशीवर पाटी दिसेल: पाहुण्याने चोवीस तासांत वर्दी द्यावी. माझा भाऊ नाशिकहून आला तेव्हा नवरा त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन गेला. पाक एरटेंनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि भाऊ तिखट खातो का एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर जो तो भावाला नावाने हाक मारत होता. हे तुम्हाला गोड वाटेल किंवा नकोसं वाटेल. मला आधी नकोसं वाटायचं.

रात्रीची गस्त, 'रोंडा', पुरुषांनी आळीपाळीने घालायची. नवऱ्याची पाळी गुरुवारी असते. चौकात चार खांबांची चौकी आहे, तिथे पोकळ लाकडाचं 'केन्तोंगान' टांगलेलं, बुद्धिबळाचा पट, थर्मासमध्ये कॉफी, आणि ज्याची पाळी त्याच्या घरून तळलेलं टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. गस्त खरंच घातली की नुसतंच बुद्धिबळ झालं, हे कसं कळणार? त्याची सोय आहे. प्रत्येक फाटकावर प्लास्टिकच्या बाटलीचा कापलेला तळ टांगलेला असतो. झोपण्याआधी घरातलं कोणीतरी त्यात चिमूटभर तांदूळ किंवा पाचशे रुपियांचं नाणं टाकतं. याचं नाव 'जिम्पितान'. गस्तवाले ते गोळा करत फिरतात. सकाळी तुमच्या डबीत नाणं तसंच दिसलं, म्हणजे रात्री तुमच्या दारावरून कोणी गेलंच नाही, आणि बायका ते बोलून दाखवतात. जमलेल्या पैशातून रस्त्यावरचे दिवे, लग्नकार्याच्या खुर्च्या, मांडवाचं कापड येतं. केन्तोंगान सावकाश वाजलं तर कोणीतरी गेलं, न थांबता भराभर वाजलं तर चोर, आग किंवा पूर. हल्ली सोबत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही असतो, पण त्याचा आवाज कोणाला जाग आणत नाही.

इतकं असूनही मोटरसायकली जातात, कोंबड्या जातात, आणि ईदच्या सकाळी सगळे नमाजाला गेलेले असताना घरं फुटतात. घरफोडीत मारामारी झाल्याचं मी इथे ऐकलेलं नाही. पण चोर सापडला तर पोलीस येण्याआधी जमाव त्याला बेदम मारतो, कधी जिवानिशी. म्हणून संशयावरून 'मालिंग, मालिंग', म्हणजे 'चोर, चोर', असं ओरडू नका. तो शब्द मागे घेता येत नाही.

माझ्या मते इथला सगळ्यात मोठा धोका रस्ता आहे. रात्री दिवा नसलेल्या मोटरसायकली, आणि त्या चालवणारी शाळकरी पोरं. त्याखालोखाल डेंग्यू.

भूकंपाला हसू नका. २७ मे २००६ला पहाटे सहाच्या सुमारास इथे जमीन हलली आणि सुमारे ५,७०० माणसं गेली, बहुतेक योग्याकर्ताजवळच्या बान्तुल जिल्ह्यातली आणि आमच्या क्लातेनमधली. माणसं गेली ती मुख्यतः पडणाऱ्या विटांच्या भिंतींखाली. घर बघायला गेलात तर फरशी नंतर बघा. कोपऱ्यांत लोखंडी सळ्यांचे कॉलम आहेत का, आणि भिंतींवरून सलग बीम फिरवलंय का, ते आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं घर बघा. मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या ओढ्यांकाठची जागाही नको. २०१०च्या उद्रेकानंतर पावसात राखचिखलाचे लोट त्याच वाटांनी खाली आले.

धर्माबद्दल: गाव बहुतांश मुसलमान. माझं सासर जावानीज हिंदू, क्लातेनमध्ये अशी कुटुंबं आहेत, आणि प्रांबानानचं मंदिर हाकेच्या अंतरावर. बकरी ईदला मांसाची पिशवी दारात येते, आमच्या पिशवीत न सांगता बकऱ्याचं असतं. पहाटेच्या अजानला भोंगा मोठा असतो, झोप हलकी असेल तर मशिदीपासून लांब घर घ्या. भांडण व्हायचंच झालं तर ते धर्मापेक्षा कार्याला न गेल्याचं होतं. शेजारी मयत झाली की हातातलं काम टाकून जायचं. लग्न असेल तर बायकांनी दोन दिवस स्वयंपाकाला राबायचं आणि वर पाकीट द्यायचं. जावानीज कॅलेंडरच्या शुभ महिन्यात ही पाकिटं किराण्यापेक्षा महाग पडतात! तुम्ही एकटे राहणार असाल तर यातलं तुम्हाला कोण सांगणार, याचा विचार करून ठेवा.

तेव्हा विकत घेण्याचा नाद सोडा आणि भाड्याने राहून बघा. इथे भाडं वर्षाचं एकदम आगाऊ देतात. राहण्याचा परवाना आधी करून घ्या, कारण मुदत उलटली की दर दिवसाला दहा लाख रुपिया दंड आहे. जानेवारी-फेब्रुवारीत या, म्हणजे छप्पर कुठे गळतं ते पावसातच कळेल. करारावर दहा हजार रुपियांचं 'मेतराय', म्हणजे मुद्रांकाचं तिकीट, लावायला सांगा, सही अर्धी त्यावर आणि अर्धी कागदावर यायला हवी. घरमालकाचं नाव जमिनीच्या प्रमाणपत्रावर आहे का, तेही त्याच बैठकीत बघून घ्या.